गोलियाडला नदीकाठी दोन रात्री: तंबू, मिशन आणि सॅन अँटोनियो नदी

टेक्सासात कॅम्पिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तळी, ट्यूबिंग (फुगवलेल्या ट्यूबवर बसून नदीत तरंगणं) किंवा पश्चिमेकडचे डोंगर येतात. गोलियाड स्टेट पार्कमध्ये यातलं काहीच नाही. उद्यान लहान आहे, जेमतेम १८८ एकरांचं. नदी गढूळ, जमीन जवळपास सपाट. तरीही बरोबर लहान मुलं असतील, भारतातून आलेले आई-बाबा असतील आणि अर्ध्या मंडळींनी जन्मात तंबू ठोकला नसेल, तर मी आधी याच जागेचं नाव सुचवीन. तंबूतून निघून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर इथे स्पॅनिश काळातलं मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचं केंद्र आहे, त्याच्या पलीकडे दगडी तटाचा किल्ला आहे, आणि या दोन्ही वास्तूंना इथे आणणारी नदी तुमच्या शेजारून वाहते.

अट एकच: दोन रात्री राहा. मुक्कामाची जागा दुपारी दोनला ताब्यात मिळते आणि निघायच्या दिवशी दुपारी बाराला सोडावी लागते. एका रात्रीच्या बेतात तंबू उभारणं, चूल मांडणं आणि सगळं पुन्हा गुंडाळणं यातच वेळ जातो आणि मिशन गाडीच्या काचेतून पाहायची वेळ येते. मधला एक दिवस अख्खा मोकळा हवा.

१. जागेची ओळख आधी, सामान नंतर

हे आधी सांगायचं कारण असं की काय पाहायचं ते ठरलं की कधी जायचं आणि कुठली जागा घ्यायची ते आपोआप ठरतं.

मिशन नुएस्त्रा सेन्योरा देल एस्पिरितू सांतो दे सुन्यिगा हे त्याचं पूर्ण नाव. सगळे एस्पिरितू सांतो म्हणतात. ते १७२२ मध्ये माटागोर्डा उपसागराजवळ सुरू झालं, पुढे ग्वादालूपे नदीकाठी हललं आणि १७४९ मध्ये इथे सॅन अँटोनियो नदीकाठी स्थिरावलं. त्याच्या रक्षणासाठी असलेलं लष्करी ठाणं, म्हणजे प्रेसिडिओ ला बाहिया, तेही त्याच्याबरोबर हलत आलं. मूळ ठाणं १७२१ चं आणि तेही जिथे फ्रेंच दर्यावर्दी ला साल याने आपली वसाहत केली होती नेमक्या त्या जागेवर. फ्रेंचांनी पुन्हा किनाऱ्यावर पाय ठेवू नये हा त्यामागचा हेतू.

मिशनचं काम कागदोपत्री धर्मप्रसाराचं होतं. प्रत्यक्षात ते गुरांचं प्रचंड मोठं खिल्लार झालं. अरानामा आणि तामिक या स्थानिक जमातींची माणसं घोड्यावर बसून मिशनची गुरं राखत. काउबॉय म्हणून जगभर ओळखला जाणारा माणूस यायच्या कितीतरी आधी ही मंडळी दोर फेकून वासरं धरत होती. भरभराटीच्या काळात इथल्या गुरांची संख्या हजारोंनी मोजली जाई. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात स्पेनचा सेनानी बर्नार्दो दे गाल्वेस इंग्रजांशी लढत होता, तेव्हा त्याच्या फौजेच्या खाण्यासाठी टेक्सासातून गुरं हाकत नेली गेली. त्यांत या भागातलीही होती.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर फसवल्यासारखं वाटतं: आज दिसणारं मिशन बहुतांश १९३० च्या दशकातलं पुनर्बांधकाम आहे. महामंदीत रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर उभी केली होती. तिच्या तुकडीने १९३५ ते १९४१ या काळात इथे आधी उत्खनन केलं, जुने पाये शोधले आणि मग त्यांवर भिंती चढवल्या. वास्तुरचनेच्या कामात रेफर्ड स्ट्रिपलिंग हा तरुण वास्तुविशारद होता. पुढे १९६० च्या दशकात प्रेसिडिओचा जीर्णोद्धारही त्याच्याच हातून झाला. ‘मग हे खरं नाहीच का?’ असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं की मंदीतल्या कामगारांच्या हातचं लाकूडकाम आणि लोहारकाम हाही आता नव्वद वर्षांचा इतिहास आहे. दारांचे कोयंडे आणि कोरीव फळ्या जवळून पाहा.

२. महिना निवडा

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. बाकीच्या महिन्यांत दिवसभराची सहल करा, तंबूत झोपू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचा पारा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. कोकणातल्या मे महिन्याची सवय असलेल्यांनाही त्रास होतो तो रात्रीचा, कारण आखाताकडून येणारी दमट हवा रात्रीही हलत नाही आणि तंबूत पंखा नसतो.

थंडीतही एक गंमत आहे. दुपारी अर्ध्या बाह्यांत बसलेले असताना उत्तरेकडून गार वाऱ्याची लाट येते, इकडचे लोक तिला नॉर्दर म्हणतात, आणि काही तासांत तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ‘टेक्सासात कसली थंडी’ म्हणून पातळ चादरी नेऊ नका.

मार्चअखेर हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. रस्त्यांच्या कडेला ब्लूबॉनेट फुललेली असतात आणि २७ मार्चच्या सुमारास शनिवार-रविवारी प्रेसिडिओत १८३६ च्या घटनांचं (त्या आठव्या भागात सांगितल्या आहेत) नाट्यरूप सादरीकरण होतं. गर्दीही तेव्हाच असते, म्हणून जागा खूप आधी धरावी लागते. गर्दी नको असेल आणि गावचा बाजार चालणार असेल तर महिन्याचा दुसरा शनिवार पाहा. त्या दिवशी गोलियाडच्या कोर्टाच्या चौकात बाजार भरतो. कोर्टाची चुनखडी दगडातली इमारत १८९४ ची आहे आणि तिच्यासमोरच्या जुन्या ओकला लोक अजून ‘फाशीचं झाड’ म्हणतात. आई-बाबांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

३. आरक्षण: कुठली जागा कुणासाठी

आरक्षण टेक्सास स्टेट पार्क्सच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर होतं आणि पाच महिने आधीपर्यंत करता येतं. नोव्हेंबर ते मार्चमधले शनिवार-रविवार हवे असतील तर दोन-तीन महिने आधी बघा. मधल्या वारी मात्र अगदी आयत्या वेळीही जागा मिळून जाते.

इथे निवड तीन-चार प्रकारांतून करायची असते. पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागा मोठ्या आरव्ही गाड्यांसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांसाठी असतात. तंबूवाल्यांनी त्या घेऊ नयेत; दोन्ही बाजूंना घराएवढ्या गाड्या आणि मध्ये आपला तंबू असं दिसतं. पाणी आणि वीज असलेल्या जागेवर तंबू चालतो, आणि रात्री कुणाला श्वासाचं यंत्र लावावं लागत असेल किंवा बाळाचं दूध गरम करायचं असेल तर तीच घ्यावी. फक्त तंबूच्या जागा स्वस्त आणि शांत.

चौथा प्रकार म्हणजे स्क्रीन्ड शेल्टर, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर माझा कौल त्यालाच. ही एक साधी खोली असते: पक्की जमीन, पक्कं छप्पर, आणि भिंतींच्या जागी डासांची जाळी. आत पलंग नसतात, गाद्या-सतरंज्या आपल्याच. पाऊस आला तरी जेवण सुरू राहतं आणि डास बाहेर राहतात. एकच लक्षात ठेवा की जाळीतून वारा थेट येतो, म्हणून थंडीत एका बाजूला ताडपत्री किंवा जुनी चादर बांधायला दोरी न्या.

एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं. दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल तर शेजारशेजारच्या जागा एकाच वेळी धरा. नंतर शेजारची मिळत नाही. मुक्कामाच्या भाड्याखेरीज दर माणशी रोजचं प्रवेशशुल्क वेगळं असतं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते नसतं. वर्षभराचा टेक्सास स्टेट पार्क्स पास घेतला तर त्या गाडीतल्या सगळ्यांचं प्रवेशशुल्क माफ होतं, शिवाय मुक्कामावर सवलतही मिळते. वर्षात अशा दोन-तीन सहली होणार असतील तर पास वसूल होतो.

आरक्षण करताना नकाशा उघडून तीन गोष्टी बघा: झाडाची सावली, स्वच्छतागृहाचं अंतर आणि नदीपासूनची उंची. पहिल्या दोन सगळेच बघतात. तिसरीबद्दल पुढे सविस्तर.

४. वाट

ह्यूस्टनहून यूएस ५९ धरून रोझेनबर्ग, व्हार्टन, एल कँपो, व्हिक्टोरिया करत गोलियाड; थांबे धरून तीन तास. सॅन अँटोनियोहून यूएस १८१ ने केनेडी आणि तिथून राज्य मार्ग २३९. ऑस्टिनवाल्यांनी १८३ सोडायचाच नाही. तो लॉकहार्ट, लुलिंग, गोंझालेस, क्वेरो असा थेट गोलियाडला येतो, आणि गोंझालेसला थांबलात तर कथेचा पहिला भाग तिथेच मिळतो: २ ऑक्टोबर १८३५ ला एका छोट्या तोफेवरून टेक्सासच्या मेक्सिकोविरुद्धच्या लढ्याची पहिली चकमक तिथे झडली. उद्यान गावाच्या दक्षिणेला साधारण मैलभर, १८३ वरच.

भारतीय किराणा घरूनच घ्या. शेवटचं मोठं शहर व्हिक्टोरिया, तिथे दूध, भाज्या, बर्फ सगळं मिळतं. गोलियाडमध्ये गरजेपुरतं मिळेल, पण हिरवी मिरची आणि कोथिंबिरीची खात्री धरू नका.

५. सामान: नेहमीच्या यादीपलीकडचं

तंबू, झोपायच्या पिशव्या, टॉर्च हे सांगायला नको. या जागेसाठी खास लागणाऱ्या गोष्टी अशा. तंबूखाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान हवी. ती बाहेर डोकावत राहिली की पावसाचं पाणी तिच्यावर साठून थेट गादीखाली येतं. खुंट्या लोखंडी आणि हातोडी खरीखुरी न्या, कारण कोरड्या महिन्यांत इथली माती कडक होते आणि तंबूबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात.

डासांसाठी डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम. गवतातल्या चिगर नावाच्या सूक्ष्म किड्यांसाठी लांब मोजे आणि पँट मोज्यात खोचायची तयारी. दिसायला विचित्र, पण घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आठवडाभर खाजवत बसण्यापेक्षा बरं. प्रत्येकाच्या पायात रात्री बंद बूट, चपला नाहीत. एक झाडू. हो, साधा झाडू: स्क्रीन्ड शेल्टर झाडायला आणि तंबू गुंडाळण्याआधी आतली माती काढायला दुसरं काहीही इतकं उपयोगी पडत नाही. आणि फोनला रेंज असेलच असं धरून चालू नका; आरक्षणाची प्रत आणि नकाशा छापून गाडीत ठेवा.

६. पोचल्यावरचा पहिला तास

उजेड असताना पोचायचं. कार्यालयात नोंद करून परवान्याचा कागद घेतला की तिथेच चार प्रश्न विचारून टाका: मिशनची इमारत किती ते किती उघडी असते, काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शेकोटीवर बंदी आहे का, नदीची पातळी कशी आहे, आणि उद्या एखादी सोबत नेऊन माहिती देणारी फेरी आहे का.

जागेवर गेल्यावर तंबू लगेच उघडू नका. आधी ती जागा पायांनी पूर्ण फिरा. भुसभुशीत मातीचा छोटा ढीग दिसला तर तो लाल मुंग्यांचा, म्हणजे फायर अँटचा असू शकतो. पाऊस पडून गेल्यावर असे ढीग एका रात्रीत वर येतात. पायाला एक चावली असं कळेपर्यंत वीस चढलेल्या असतात, आणि फोड दोन दिवसांनी पिकतात. कुणाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर औषध जवळ ठेवा. मग वर बघा: सुकलेली फांदी डोक्यावर लोंबत असेल तर तंबू सरकवा. पेकन आणि ओकची मोठी झाडं दिवसा सावलीसाठी उत्तम, पण वादळी रात्री त्यांच्या फांद्या खाली येतात. तंबूचं दार शक्यतो दक्षिण-आग्नेयेला ठेवा. उन्हाळ्याच्या आगेमागे वारा तिकडूनच येतो. थंडीत मात्र उलट, उत्तरेकडे पाठ.

७. चूल आणि जेवण

शेकोटीवर बंदी असेल किंवा नसेल, गॅसची शेगडी न्यायचीच. इथे ठिणगीने गवत पेटायला वेळ लागत नाही, म्हणून कोरड्या दिवसांत काउंटी बंदी घालते आणि तुमचं सगळं जेवण निखाऱ्यावर बेतलेलं असेल तर पंचाईत होते. उद्यानातली पडलेली लाकडं गोळा करायला मनाई आहे. सरपण विकत घ्या, आणि तेही जवळपासचं. दुरून आणलेल्या लाकडातून झाडांची कीड पसरते.

बेत साधा ठेवा. पहिल्या रात्री सगळे दमलेले असतात, तेव्हा घरून आणलेल्या पोळ्या, चटणी आणि गरम पिठलं. दुसऱ्या सकाळी पोहे. कांदा घरूनच चिरून डब्यात. दुपारी शिजवायचंच नाही, दही-भात किंवा मेतकूट-भात. खरा स्वयंपाक दुसऱ्या रात्री: शेकोटीला परवानगी असेल तर जाळीवर वांगी आणि कणसं भाजा. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला ही चव येत नाही, आणि वांगं सोलताना बोटं काळी होण्यात मुलांना भलता रस असतो. थालीपिठाची भाजणी हा पावसातला राखीव साठा.

खरकटं पाणी नळाखाली ओतू नका आणि भांडीही नळाखाली घासू नका; एका पसरट पातेल्यात धुऊन पाणी नेमून दिलेल्या जागी टाका. झोपायच्या आधी खाण्याची प्रत्येक वस्तू, अगदी तेलाची बाटलीसुद्धा, गाडीत बंद. रॅकून कूलरचं झाकण सराईतपणे उघडतात. आणखी एक: उद्यानात उघड्यावर मद्यपान किंवा बाटल्या दिसतील अशा ठेवणं नियमाने बंद आहे. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, म्हणून अंताक्षरी नऊलाच सुरू करा.

८. मधला दिवस

हा दिवस उन्हाच्या हिशेबाने लावायचा. सकाळी लवकर पायवाट, उघडताक्षणी मिशन, ऊन चढायच्या आत प्रेसिडिओ, दुपारी सावलीत आडवं होणं, संध्याकाळी नदी.

पायवाटा छोट्या आहेत. अरानामा निसर्गवाट लहान मुलंही सहज चालतात आणि नदीकाठची वाट मोठ्यांना तासभर पुरते. हा पट्टा किनाऱ्याचं गवताळ रान, दक्षिणेचं काटेरी झुडूप आणि उत्तरेकडचं ओकचं रान यांच्या सांध्यावर आहे, त्यामुळे पक्ष्यांत विविधता चांगली. कॅराकारा हा ससाण्याच्या कुळातला, काळी टोपी घातल्यासारखा पक्षी रस्त्याकडेला गिधाडांच्या पंगतीत बसलेला दिसेल. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांच्या झुपक्याची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही.

मिशनच्या आत मुलांना मोकळं सोडा, पण बाहेरच्या आवारातून खापराचा तुकडा, खिळा, दगड काहीही उचलायचं नाही हे आधी बजावून ठेवा; तो कायद्याने गुन्हा आहे. ड्रोनलाही मनाई आहे.

तिथून प्रेसिडिओ ला बाहिया पाव मैलभर दक्षिणेला. चालत जाता येतं. गाव, उद्यान आणि किल्ला जोडणारी एक वाटही आहे, तिचं नाव एंजल ऑफ गोलियाड. किल्ल्याचं तिकीट उद्यानापेक्षा वेगळं. आपल्याकडचा एखादा छोटा भुईकोट असावा तसा आहे: चारी बाजूंनी दगडी तट, कोपऱ्यांवर बुरूज, मध्ये मोकळं मैदान आणि एका कडेला लोरेतोच्या मातेचं चॅपेल. वरच्या कोनाड्यातली मूर्ती लिंकन बोर्ग्लम याने घडवलेली. माउंट रशमोर कोरणाऱ्या गट्झन बोर्ग्लमचा हा मुलगा. आतलं भित्तिचित्र अँटोनियो गार्सिया याचं, १९४६ चं. चॅपेलमध्ये आजही प्रार्थना होते, म्हणून टोपी काढून आणि आवाज खाली ठेवून जा.

इथे काय घडलं ते आत जाण्याआधी सगळ्यांना सांगा. २० डिसेंबर १८३५ ला याच चॅपेलमध्ये टेक्सासच्या स्वातंत्र्याची पहिली घोषणा वाचून सह्या झाल्या. ९२ जणांनी सही केली. तीन महिन्यांनी टेक्सासच्या बाजूने लढणारी कर्नल जेम्स फॅनिनची तुकडी किल्ला सोडून निघाली आणि १९-२० मार्च १८३६ ला कोलेटोच्या उघड्या माळावर मेक्सिकन सैन्याने तिला वेढलं. पाण्याचा तुटवडा, जखमी साथीदार. फॅनिनने शरणागती पत्करली. कैदी म्हणून या तटांच्या आत त्यांना परत आणलं गेलं. मेक्सिकन सैन्याचा प्रमुख सांता आना याचा हुकूम आला की शस्त्र उचललेले परके हे चाचे समजावेत. २७ मार्चला, पाम संडेच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) सकाळी, त्यांना गटागटाने बाहेर काढून गोळ्या घातल्या. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, म्हणजे त्याच लढ्यातल्या आलामोच्या प्रसिद्ध लढाईपेक्षा कितीतरी जास्त. २८ जण पळून वाचले. त्यांतल्या काहींनी हीच नदी ओलांडली. काहींना फ्रान्सिता आलावेस या मेक्सिकन स्त्रीने रदबदली करून वाचवलं. वाटेला दिलेलं नाव तिचंच. पुढे ३ जूनला जनरल रस्कने अवशेष गोळा करून लष्करी इतमामात पुरले. ती जागा आणि तिथलं स्मारक किल्ल्यापासून थोडं चालल्यावर आहे. एवढं माहीत असलेला दहा वर्षांचा मुलगा त्या मैदानात धावपळ करत नाही, विचारत फिरतो.

किल्ल्याजवळच इग्नासियो सारागोसाचं जन्मस्थान आहे, तेही सोडू नका. १८२९ मध्ये जन्मलेल्या या मेक्सिकन सेनापतीने ५ मे १८६२ ला पुएब्लाच्या लढाईत फ्रेंचांना हरवलं. दर वर्षी अमेरिकाभर सिंको दे मायो म्हणून रेस्टॉरंटांत सवलती लागतात, त्यामागचा माणूस टेक्सासात जन्मला हे तिथे राहणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

९. नदीशी कसं वागायचं

सॅन अँटोनियो नदी म्हणजे तीच, जिच्या काठी सॅन अँटोनियोचा रिव्हर वॉक आहे. तिथे काँक्रीटच्या काठांमधून शिस्तीत वाहणारी नदी इथवर येईतो रुंद, तपकिरी आणि गाळाची होते. काठ उंच आणि चिखलाचे, पाण्याखाली झाडांचे ओंडके. पोहायला ही जागा नाही. टेक्सासच्या राज्य उद्यानांत जीवरक्षक नसतात आणि या पाण्यात वीतभर खालचं दिसत नाही. मगरीही या पट्ट्यातल्या पाण्यात असतात.

मासेमारीला मात्र मुभा आहे. उद्यानाच्या काठावरून गळ टाकायला वेगळा परवाना लागत नाही, आणि कॅटफिश लागण्याची आशा असते.

कायाक चालवता येत असेल तर गोलियाड पॅडलिंग ट्रेल हा दुसऱ्या दिवसाचा पर्यायी बेत. यूएस ५९ च्या पुलापाशी उतरायचं आणि ६.६ मैलांनी उद्यानात बाहेर पडायचं. पाण्याच्या वेगानुसार दोन ते पाच तास. दोन गाड्या लागतात: एक आदल्या संध्याकाळीच उद्यानात लावून ठेवा. टेक्सासात बोटीवर प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवंच, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलं असणं कायद्याने बंधनकारक. माझं म्हणणं असं की मोठ्यांनीही ते घालावं, कारण वळणावर अडकलेला ओंडका पुढे आल्यावर बकल लावायला वेळ नसतो.

आता पातळीबद्दल. गोलियाडला आकाश निळं असतानाही नदी चढू शकते, कारण पाऊस शंभर मैल वर सॅन अँटोनियोच्या बाजूला पडलेला असतो आणि ते पाणी काही दिवसांनी इथे पोचतं. फक्त गोलियाडचं हवामान पाहून निघणं त्यामुळे पुरेसं नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात सॅन अँटोनियोला किती पाऊस झाला ते बघा आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं गोलियाडचं पातळीमापक संकेतस्थळावर उघडून रेषा वर चाललीय की खाली ते पाहा. रेषा वर चढत असेल तर कायाकचा बेत रद्द, आणि तंबू नदीजवळ असेल तर उंचावरची जागा मागून घ्या.

वरच्या टेकड्यांच्या प्रदेशात हे किती झपाट्याने होतं ते ४ जुलै २०२५ च्या पहाटे दिसलं. ग्वादालूपे नदीला अचानक पूर आला आणि एकट्या केर काउंटीत शंभरावर माणसं गेली, त्यांत शिबिराला आलेल्या मुली होत्या. गोलियाडला पाणी इतक्या झटक्यात चढत नाही, जमीन सपाट असल्याने ते हळूहळू चढून पसरतं. तरी सवय एकच ठेवा: झोपताना फोनवरचे आणीबाणीचे इशारे चालू, गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या जागी, आणि अंधारात पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावरून गाडी घालायची नाही.

१०. निघताना

तंबू सकाळी दवाने ओला असतो. बाराची मुदत आहे, तेव्हा आठला त्याचं वरचं आच्छादन काढून उन्हात टाका आणि नाश्ता होईतो वाळू द्या. ओलाच गुंडाळावा लागला तर घरी पोचल्या दिवशी गॅलरीत पसरायचा, नाहीतर आठवड्यात बुरशीचे ठिपके येतात. शेकोटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेवर हात धरला तर ऊब लागता कामा नये. बूट घालण्याआधी उलटे करून झटकणं या सकाळीही विसरू नका. मोज्यांखाली, काखेत, मुलांच्या केसांत गोचीड आहे का ते गाडीत बसायच्या आधीच पाहून घ्या. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही.

ह्यूस्टनकडे परतणाऱ्यांना वाटेतच, गोलियाडच्या पूर्वेला दहा मैलांच्या आसपास, फॅनिन गावाजवळ कोलेटोची युद्धभूमी लागते. आदल्या दिवशी किल्ल्यात ऐकलेली शरणागती इथे झाली. पाहायला अर्धा तास पुरतो आणि झाडाखाली उरलेली थालीपिठं खायला जागाही आहे.